फोन जप्त, घड्याळ चालू

पोलीस ठाण्याच्या जप्तीच्या सामानात लाख, सुतळी, पितळी मोहोर आणि खाकी पाकिटं असतात. अलीकडे त्यात पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाची भर पडली आहे. थट्टा नाही. चालू फोन हाती लागला, की आधी तो फ्लाइट मोडवर टाकायचा आणि मग फॅराडे बॅगेत, म्हणजे रेंज अडवणाऱ्या पिशवीत ठेवायचा, हा सायबर तपासाच्या प्रशिक्षणातला अगदी पहिलीच्या वर्गातला धडा. बॅग नसेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे चार-पाच घट्ट वेढे. फोनला रेंज राहिली, तर मालक कोठडीत असला तरी त्याचा मित्र दुसऱ्या गावातून आतला सगळा ऐवज पुसून टाकू शकतो. या बॅगेमागचं तत्त्व मायकेल फॅराडेनं १८३६ साली दाखवून दिलं. टेलिफोनचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं अवकाश होता!

आणखी एक मेख आहे. फ्लाइट मोड लावता आला नाही आणि फोन तसाच बॅगेत गेला, तर तो वेड्यासारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. जाणते अंमलदार म्हणून आत पॉवर बँकही सरकवतात. बंद फोन मिळाला, तर चालू करून ‘पाहू तर खरं, आत काय आहे’ असं करायचं नाही. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराला हा धडा सगळ्यात जड जातो. सापडलेली वस्तू उघडून पाहायची नाही, म्हणजे काय!

चिंतामणीच्या गावात

यवतमाळहून नागपूरकडे निघालं की कळंब लागतं. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी चिंतामणीचं देऊळ इथलं, जमिनीच्या पातळीखालचं. दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं आणि गाव रेल्वेच्या नकाशावर आलं. ठग मात्र रेल्वेची वाट पाहत बसले नव्हते. ते मोबाईलच्या टॉवरवरून केव्हाच उतरले होते.

(जाता जाता: धाराशिव जिल्ह्यातही तालुक्याचं कळंब आहे आणि पुणे जिल्ह्यात इंदापूरकडंही एक कळंब आहे. ऑनलाइन तक्रारीत गाव टाकताना जिल्हा दोनदा तपासा. यवतमाळचा पिनकोड ४४५ ने सुरू होतो, धाराशिवच्या कळंबचा ४१३ ने.)

सायबर तपास म्हणजे मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींतलं काम, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. पैसे वाचणार की बुडणार, याचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या तासा-दोन तासांत लागतो आणि त्या वेळी फिर्यादीसमोर बसलेला असतो गावच्या ठाण्यातला अंमलदार. जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं यवतमाळला. तिथं फिर्यादीला पाठवून देणं सोपं असतं, पण एसटीची वाट बघेपर्यंत पैसा चार राज्यं फिरून आलेला असतो.

समजा, कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’. बोट लागलं, अ‍ॅप बसलं, त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, दिली गेली. आता बँकेचे ओटीपी परस्पर तिसऱ्याच्याच फोनवर. ठाण्यात आलेला माणूस सांगतो, “म्या त काहीच नाही केलं जी साहेब, निस्तं दाबलं.” तो खोटं बोलत नसतो. खरंच त्यानं कोणाला काही सांगितलेलं नसतं.

इथं पुतण्या आड येतो. प्रत्येक घरात मोबाईलमधलं कळणारा एक पुतण्या असतो आणि ठाण्यात यायच्या आधीच त्यानं काकांचा फोन फॉरमॅट मारून साफ करून दिलेला असतो. पुरावा धुतला गेला! प्रशिक्षणात म्हणूनच सांगतात: अ‍ॅप काढू नका, आधी नेट बंद करा, पडद्याचे फोटो काढा, आलेले मेसेज जसेच्या तसे राहू द्या, फाइल कुठल्या नंबरवरून आली ते टिपून घ्या. आणि पुतण्याला बाहेर बसवा.

बारा आकडे

१९३० हा नंबर आता बऱ्याच जणांना पाठ आहे. २०२१ साली सायबर फसवणुकीच्या तक्रारींची ही हेल्पलाइन सुरू झाली तेव्हा तिचा नंबर १५५२६० होता. ज्याचे पैसे नुकतेच गेले आहेत त्यानं घाबरलेल्या बोटांनी सहा आकडे दाबायचे, ही कल्पना ज्या कोणाची होती त्याला सलाम. पुढे चार आकड्यांवर आणलं, बरं झालं.

फोन उचलल्यावर पलीकडून जे विचारतात ते घरातल्या कोणालाच माहीत नसतं: व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो, आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा. तो मिळाला की तक्रार प्रणालीत चढते, पैसा ज्या बँकेत गेला तिला इशारा जातो आणि रक्कम तिथंच अडकवली जाते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला. या वाटेवरच्या भाड्यानं घेतलेल्या खात्यांना तपासाच्या भाषेत ‘म्यूल’ खाती म्हणतात. थोड्या कमिशनसाठी पासबुक-एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती देणारा कॉलेजचा पोरगा अशा वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

आयएफएससी कोडही वाचता येतो. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. खातं कोणत्या गावच्या शाखेत उघडलंय हे यावरून चटकन कळतं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं, त्याला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत होती. म्हणजे बँकेच्या नावानं आलेल्या लिंकच्या शेपटाकडे पाहूनही पुष्कळ काही कळतं.

रक्कम किती मोठी आहे? केंद्रीय गृहमंत्रालयानं लोकसभेत दिलेल्या आकड्यानुसार २०२४ मध्ये देशभरात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता.

निरीक्षकच पाहिजे

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७८ फार कमी लोकांनी वाचलंय, पण ग्रामीण ठाण्याचं गणित त्यानंच अवघड केलंय. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. २००० सालच्या मूळ कायद्यात तर थेट उपअधीक्षक लागायचा. २००९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनं तो निरीक्षकावर आणला. आता ग्रामीण भागातल्या कित्येक ठाण्यांचा कारभारच सहायक निरीक्षकाच्या हाती असतो. माहिती त्याला, माणसं त्याच्या ओळखीची, आणि तपासाचा कागद मात्र दुसऱ्याच्या नावानं! ‘निरीक्षक’ या अटीत सूट देऊन प्रशिक्षित उपनिरीक्षकालाही हा अधिकार द्यावा, अशी मागणी पोलिसांच्या वर्तुळात नवी नाही. मला ती रास्त वाटते.

कलमांचे आकडेही बदललेत. भाषेत ‘चारसोबीस’ जिवंत आहे, पण १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यात फसवणुकीचं कलम ३१८ झालं. आणि एक कलम मेल्यावरही चालत राहिलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, देशभर गदारोळ झाला आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्दच केलं. तरीही ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले. २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाला हे ऐकून धक्का बसला. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला हे कलम फळ्यावर लिहून त्यावर फुली मारली, तरी अर्धं काम झालं.

‘डिजिटल अरेस्ट’ तर कुठल्याच कायद्यात नाही. व्हिडीओ कॉलवर अटक करता येत नाही. कळंबचा असो की कुलाब्याचा, कोणत्याही पोलिसाला आरोपीच्या दारात जावंच लागतं.

साडेपाच तासांची गोम

जगातले बहुतेक सर्व्हर आपली घड्याळं जागतिक वेळेवर लावतात. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. नोंदीत ‘१४ तारीख, रात्री ८’ दिसलं, तर कळंबमध्ये १५ तारीख उजाडून रात्रीचा दीड वाजलेला असतो. नुसता तास चुकत नाही, तारीखही चुकते. त्यातून मोबाईल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. म्हणून कंपनीकडे माहिती मागताना आयपीसोबत पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहावी लागते. हे न लिहिता पत्र गेलं, तर उत्तर येतं. ते चुकीच्या माणसाचं असू शकतं, एवढंच.

असं खरंच घडलंय. २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचललं. आयपी पत्त्याची माहितीच चुकीची होती. तो निरपराध माणूस पन्नास दिवस तुरुंगात होता. अधिकाऱ्यांना प्रशिक्षण कशाला हवं, असं विचारणाऱ्याला एवढी एक गोष्ट सांगितली तरी पुरे.

जालन्याचे २९६

डिजिटल पुराव्याच्या कायद्यावरचा आजचा सगळ्यात वजनदार निकाल आला तो एका मराठवाडी निवडणुकीतून. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले; हरले कैलास गोरंट्याल. वाद होता खोतकरांनी उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण हाच पुरावा. पण चित्रीकरणासोबत लागणारं प्रमाणपत्र, म्हणजे तेव्हाच्या पुरावा कायद्याचं ६५ ब, अधिकारी देईनात. गोरंट्याल मागून मागून थकले, मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठानं निवडणूक रद्द केली, प्रकरण दिल्लीला गेलं आणि १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल, तर प्रमाणपत्र लागेलच लागेल. मात्र पक्षकारानं हरतऱ्हेनं प्रयत्न करूनही समोरचा देत नसेल, तर त्याला वेठीला धरायचं नाही. म्हणजे नियम पक्का झाला तो ज्या खटल्यात, त्याच खटल्याला त्यातून सूट मिळाली!

यात महाराष्ट्राची परंपराच दिसते. चोरून टेप केलेलं फोनवरचं संभाषण पुरावा म्हणून चालतं, हे १९७२ साली ठरलं ते मुंबईच्या कॉरोनरच्या खटल्यात. साक्षीदार परदेशातून पडद्यावर साक्ष देऊ शकतो, हे २००३ साली ठरलं तेही मुंबईच्याच खटल्यात.

नव्या साक्ष कायद्यात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली गेलं आणि त्याचे दोन भाग झाले. दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा. त्यात ‘हॅश व्हॅल्यू’ची चौकट आहे. हॅश म्हणजे फाइलवर गणित करून काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीनं काढला तर चौसष्ट अक्षरांचा. तासाभराच्या व्हिडीओतला एक बिंदू बदला, ठसा आमूलाग्र बदलतो. लाखेची मोहोर फोडून पुन्हा लावणारे इरसाल लोक आपण पाहिलेत. हा ठसा पुन्हा तसाच उमटवणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरणही आता बंधनकारक झालंय. पंचांच्या सह्या राहिल्याच, शिवाय अंमलदाराच्या हाती मोबाईल आला. कागदावर ‘समक्ष’ लिहून पंचांना नंतर घरी जाऊन सह्या मागायची जुनी सोय गेली, याचं काहींना दुःख आहे.

फोनचा पंचनामा लिहिताना आयएमईआय क्रमांक हवाच. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की पंधरा आकडे दिसतात. गंमत शेवटच्या आकड्यात आहे. तो आधीच्या चौदांवरून गणितानं निघतो. पंचनाम्यात मधला एक आकडा चुकला, तर बेरीज जुळत नाही आणि चूक टेबलावरच पकडता येते. हरवलेला फोन या क्रमांकावरून देशभर बंद पाडायची केंद्रीय सोय लोकांसाठी सुरू झाली ती सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईतून.

शेंदुरसनीचा पाळणा

कळंबच्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी, जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात या ग्रामपंचायतीच्या नावावर जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्रीय प्रणालीत २७ हजारांहून जास्त जन्म नोंदले गेले! गावातल्या प्रत्येक जिवंत माणसामागं अठरा पाळणे. ग्रामपंचायतीचं लॉगिन परक्याच्या हाती गेलं होतं. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं आणि धागे राज्याबाहेर निघाले.

मला यात सगळ्यात बोलका तपशील वाटतो तो हा, की चोरी पैशांची नव्हतीच. कोणाच्या खात्यातून रुपया गेला नाही, म्हणून १९३० वर कोणी फोन केला नाही. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवायची आपल्या कार्यालयांतली रीत पाहिली, की आश्चर्य एकाच गोष्टीचं वाटतं: अशी गावं आणखी का निघाली नाहीत?

शनिवार गाठून

मोठे दरोडे सुट्टीला जोडून पडतात. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी करून चोरांनी २८ देशांतून काही तासांत ७८ कोटी रुपये काढले, सुमारे बारा हजार व्यवहारांत. भारतातूनही अडीच कोटी गेले. सोमवारी हाँगकाँगला आणखी १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख. घुसखोरी अव्वल दर्जाची, पण नोटा मोजायला माणूसच लागतो. कोल्हापूरच्या एटीएममध्ये बनावट कार्डं घेऊन उभी राहिलेली पोरं कॅमेऱ्यात दिसली आणि तपासाला पाय फुटले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा सुनावली. एक योगायोग: कॉसमॉस बँक १९०६ ची आणि पुढे नाशिकला जाऊन महाराष्ट्र पोलीस अकादमी झालेली पोलीस प्रशिक्षण शाळाही १९०६ चीच, पुण्याच्या भांबुर्ड्यातली.

शिकायला आता नाशिकला जायलाच हवं असं नाही. ‘सायट्रेन’ या केंद्राच्या ऑनलाइन वर्गात देशातल्या एक लाखाहून जास्त पोलिसांनी नाव घातलंय. पाच वर्षांत पाच हजार ‘सायबर कमांडो’ तयार करायचं २०२४ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी नागपुरात पोलिसांसाठी ‘मार्वेल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सरकारी कंपनी उभी राहिली. तिथल्या २३ ठाण्यांत चाचणी झालेली तपास-प्रणाली राज्यातल्या अकराशे ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. बँकेला, मोबाईल कंपनीला जायची पत्रं यंत्र लिहून देणार. बंदोबस्त, सभा, मिरवणुका आणि गणपतीतून वेळ काढून ऑनलाइन वर्ग पूर्ण करणाऱ्या अंमलदाराला यातलं पत्रांचं काम वाचलं तरी मोठा दिलासा.

आणि हे तीन नमुने

१९८६. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेच्या संगणक-हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. क्लिफ स्टोल नावाचा खगोलशास्त्रज्ञ चिकाटीनं मागे लागला आणि सोव्हिएत गुप्तहेरांना माहिती विकणारा जर्मन हॅकर हाती आला. बाराण्यांचा हिशेब न सोडणारे आपले कित्येक दिवाणजी या कामाला उत्तम!

२००५. अमेरिकेतल्या विचिटा शहरात तीस वर्षं पोलिसांना चकवणाऱ्या खुन्यानं पोलिसांनाच विचारलं, फ्लॉपी पाठवली तर माग लागेल का? पोलिसांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन कळवलं, खुशाल पाठव. फ्लॉपीत पुसलेल्या एका फाइलच्या पोटात चर्चचं नाव आणि वापरणाऱ्याचं पाळण्यातलं नाव शिल्लक होतं. काही दिवसांत बेड्या.

२०१५. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांच्या सर्किटवर एका रसायनाचा अंश असतो. माणसाला त्याचा वास येत नाही, कुत्र्याला येतो. कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी हे हेरून श्वानांना शिकवायला घेतलं. त्या वर्षी एका गाजलेल्या प्रकरणात ‘बेअर’ नावाच्या काळ्या लॅब्रेडॉरनं घरझडतीत माणसांच्या नजरेतून सुटलेला पेनड्राइव्ह हुडकून काढला. बक्षीस म्हणून अशा श्वानांना खाऊ मिळतो. पंचनाम्यावर पंजा उमटवायची सक्ती नाही.